विमानाची भीती आणि अनुष्ठानाचे निमित्त



सुट्टीची तिकिटे निघतात. घरात आनंद असतो. मुले कोणती बॅग न्यायची यावरून भांडू लागतात, कुणी हॉटेलचे फोटो दाखवते, आणि आपणही त्या सगळ्यात हसून भाग घेतो. पण पोटात एक गाठ बसलेली असते. रात्री तीन वाजता जाग येते. मोबाईल हातात घेऊन आपण पंधरा दिवसांनंतरचे हवामान पाहतो. विमान कोणत्या बनावटीचे आहे, किती जुने आहे, हे शोधतो. मनात असेही येऊन जाते की, ऐनवेळी ताप आला तर बरे होईल. मग त्या विचाराची लाज वाटते. मी रोज ध्यानाला बसणारा माणूस, सत्संगात आत्म्याच्या अमरत्वावर बोलणारा, आणि दोन तासांच्या प्रवासाला असा भितो?

तुमची अवस्था अशी असेल तर आजचा हा संवाद तुमच्याशी आहे. मी तुमच्यातलीच एक आहे. चौदा वर्षे मी विमानात बसले नाही, आणि त्यांतली बरीच वर्षे ही गोष्ट मी कुणाला कळू दिली नाही.

मी वडोदऱ्याची. आमच्या घरात तीन पिढ्या गुजरातीत व्यवहार आणि मराठीत देवपूजा चालते. २०११ च्या पावसाळ्यात मुंबईहून परत येताना विमान खूप हलले. उतरता उतरता वैमानिकाने ते पुन्हा वर घेतले आणि वीस मिनिटे आम्ही ढगांत फिरत राहिलो. कुणाला खरचटलेदेखील नाही. दुसऱ्या खेपेस विमान व्यवस्थित उतरले, लोक बॅगा काढून घरी गेले. माझ्या मनाने मात्र त्या दिवशी एक दार बंद करून घेतले.

धाकटा भाऊ बेंगळुरूला असतो. त्याच्या घराच्या वास्तुशांतीला मी गेले नाही, कारण तेव्हा माझा नेम चालू होता. भाच्याच्या मुंजीला गेले ती रेल्वेने, दीड दिवस प्रवास करून, आणि सगळ्यांना सांगितले की रेल्वेत जप चांगला होतो. भाऊबीजेला दर दोन वर्षांनी तोच इकडे यायचा. लोक म्हणत, ताईंचे साधनेवर केवढे प्रेम! मीही ते ऐकून घेत असे. आज सर्वांत जास्त टोचते ते हेच, ऐकून घेणे.

गेल्या वर्षी, २०२५ च्या दिवाळीत, मुलीने आणि जावयांनी बेत आखला. बेंगळुरू, म्हैसूर, कूर्ग. भावाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असल्यामुळे तो येऊ शकणार नव्हता, म्हणून २२ ऑक्टोबरला, पाडव्याच्या दिवशी निघून दुसऱ्या दिवशी भाऊबीज त्याच्याकडे करायची. तिकिटे अहमदाबादहून. मला विचारले तेव्हा मी शांतपणे म्हटले, "तुम्ही जा. कार्तिकात माझा एक लाख जपाचा संकल्प आहे."

यजमान वर्तमानपत्र वाचत होते. वर न पाहता म्हणाले, "संकल्प तिकिटं निघाल्यावर ठरला की आधी?"

मी रागावले. राग आला, कारण ते खरे होते. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "अगं, माळ काय विमानात ओढता येत नाही?"

भीती ओळखू येत नाही

भीती स्वतःच्या नावाने क्वचितच येते. ती दुसऱ्या कुणाचे तरी कपडे घालून येते. "उगीच खर्च कशाला", "मुलांना रेल्वेतच मजा येते", "आईला एकटे कसे सोडायचे", ही तिची नेहमीची वस्त्रे. संसारी माणसाच्या घरी ती काटकसरीचे कपडे घालते. साधकाच्या घरी मात्र ती सोवळे नेसून येते. मग तिला ओळखणे फार अवघड जाते, कारण सोवळ्यातल्या पाहुण्याला कोण अडवणार?

गीतेचा पहिला अध्याय या दृष्टीने पुन्हा वाचा. आपण तो घाईघाईत संपवतो, कारण तत्त्वज्ञान दुसऱ्यापासून सुरू होते असे आपल्याला वाटते. अर्जुन तिथे आपल्या शरीराचे वर्णन करतो. गात्रे गळून जातात, तोंडाला कोरड पडते, अंग कापते, अंगावर काटा येतो, हातातले गांडीव निसटते, कातडीची आग होते, उभे राहवत नाही, मन गरगरते. विमानाचे दार बंद होताना ज्याच्या पोटात गोळा आला आहे, त्याने हे एकदा वाचावे. आजचा डॉक्टर तीव्र घबराटीची जी लक्षणे लिहून घेईल, त्यांच्याशी ही यादी किती जुळते! आणि हा माणूस भेकड नव्हे, त्या काळातला सर्वश्रेष्ठ धनुर्धर होता.

पण मला या वेळी वेगळ्याच ठिकाणी थांबावे लागले. लक्षणे सांगून झाल्यावर अर्जुन काय करतो? तो धर्माविषयी बोलू लागतो. कुलक्षय, पाप, पितरांचे पिंड, नरक. एकाहून एक गंभीर कारणे. त्यापेक्षा भिक्षा मागितलेली बरी, इथपर्यंत तो येतो. आप्तांविषयीची त्याची कणव खरीच होती, पण कापणारे अंग आधी आले आणि शास्त्रार्थ नंतर आला, हा क्रम आपण विसरतो. भगवंत पुढे त्याला जवळजवळ हेच सांगतात: तू शहाण्यासारखा बोलतो आहेस खरा, पण ज्याचा शोक करू नये त्याचा शोक करतो आहेस.

माझा एक लाख जप हा माझा पहिला अध्याय होता.

आणखी एक बारकावा आहे. अर्जुन बोलत असतो तेव्हा अध्याय संपेपर्यंत श्रीकृष्ण मध्ये एक शब्द बोलत नाहीत. ते ऐकतात. आणि खरा उपदेश कधी सुरू होतो? अर्जुन जेव्हा कबूल करतो की माझे मन दुबळेपणाने ग्रासले आहे, मला काही सुचत नाही, मी तुला शरण आलो आहे, त्यानंतर. जोवर तो कारणे देत होता तोवर त्याला शिकवता येण्यासारखे काही नव्हते.

तेव्हा घरात ज्याला भीती वाटत नाही अशा माणसाने, "काही होत नाही गं", "लहान मुलंसुद्धा बसतात", असे म्हणण्याची घाई करू नये. भित्र्या माणसाला ते कळतेच. त्याचे बोलणे संपू द्यावे.

नातवाचा प्रश्न

माझे डोळे उघडले ते मात्र गीता वाचून नव्हे, हे प्रामाणिकपणे सांगते. नातू नऊ वर्षांचा आहे. एका संध्याकाळी तो आईला म्हणाला, "मला नाही जायचं. मी आजीजवळ राहतो." मुलीने समजावले, रागावली, लालूच दाखवली. शेवटी तो रडत म्हणाला, "आजीला माहितीये विमान पडतं. म्हणून ती येत नाही."

मी त्याच्यासमोर विमान हा शब्दही कधी उच्चारला नव्हता. मुलांना शब्द लागत नाहीत. पन्नाशी उलटलेल्या बाईच्या मनातला गोळा नऊ वर्षांच्या मुलाच्या पोटात कधी जाऊन बसला, कुणालाच कळले नाही. आपण मुलांना श्लोक पाठ करून देतो, संस्कारवर्गाला पाठवतो, आणि न सांगता दुसरेच काही देऊन ठेवतो.

त्या मुलाला एकट्याने असे सुचले असेल असेही नाही. जूनमध्ये आमच्या भागात दुसरा विषयच नव्हता. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले विमान उड्डाणानंतर मिनिटभराच्या आत कोसळले. आतल्या २४२ जणांपैकी २४१ गेले. विमान वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर पडले आणि जमिनीवरची १९ माणसेही गेली. त्यांत दुपारचे जेवायला बसलेली तरुण मुले होती. आम्हाला त्याच विमानतळावरून निघायचे होते.

आता इथे साधकाने सावध राहावे. त्या दिवसांत मी एक वाक्य बऱ्याच ठिकाणी ऐकले: "आपल्यामागे गुरुकृपा आहे, आपल्याला काही होणार नाही." ऐकायला गोड आहे. पण जे गेले त्यांच्यामागे काय नव्हते? त्यांच्या घरी देव्हारे नव्हते? निघताना कुणाच्या आईने हातावर दही-साखर ठेवली नव्हती, देवापुढे दिवा लावला नव्हता? असे म्हणणे अज्ञान तर आहेच, पण ज्यांच्या घरचे माणूस गेले त्यांच्याशी क्रूरपणाही आहे. श्रद्धेचा विमा करू नका. विम्यासारखी वापरलेली श्रद्धा पहिल्याच धक्क्याला मोडते, कारण तिच्या मुळाशी सौदा असतो: मी जप करते, तू विमान सांभाळ.

आणि वसतिगृहात जेवणाऱ्या त्या मुलांनी तर तिकीटही काढले नव्हते. घरी बसून मी नेमके काय टाळत होते?

वरिष्ठ साधिकेचा सल्ला

आमच्या सत्संगात एक मावशी आहेत. वय ऐंशीच्या पुढे. फार बोलत नाहीत. शेवटी त्यांच्यापाशी जाऊन मी सगळे सांगून टाकले, संकल्पाचे निमित्तसुद्धा. त्यांनी पहिल्यांदा विचारले, "जप किती झाला?" मी म्हटले, अजून सुरूच नाही केला. त्या हसल्या. मग म्हणाल्या, "तुला वाटतं, आधी भीती जावी आणि मग बसावं. तसं नाही होत. जन्म जाईल वाट बघण्यात. तिला घेऊन जा की बरोबर."

मला हे नवीन होते. इतकी वर्षे मी साधनेने भीती घालवायचा प्रयत्न करत होते आणि ती गेली नाही की स्वतःला कमी लेखत होते. मावशींनी पतंजलींची आठवण करून दिली. योगसूत्रांत पाच क्लेश सांगितले आहेत, त्यांतला शेवटचा अभिनिवेश, म्हणजे जगण्याला चिकटून राहण्याची ओढ, मरणाचे भय. पतंजली म्हणतात की ते विद्वानांमध्येही तसेच वाहत असते. सूत्रकारांनी ज्ञानी माणसालाही सूट दिली नाही, मग आपण कोण? शरीर जगू पाहते. तो त्याचा धर्म आहे. अभय ही दैवी संपत्ती आहे, सोळाव्या अध्यायात तिचे नाव सर्वांत आधी येते, हे खरे. पण भीतीचा मागमूस नसलेले मन असा तिचा अर्थ घेतला तर आपल्यातले किती जण उरतील? भीती आहे आणि तरी करायचे ते केले, अभयाची सुरुवात एवढ्या लहान जागेतून होते असे मला वाटते.

निघण्याआधीचे पंधरा दिवस

आता थोडे व्यवहाराचे. अध्यात्माच्या लेखात हे कशाला असे कुणाला वाटेल. पण अज्ञान हे भयाचे खाद्य आहे, आणि त्या अज्ञानात विमानाविषयीचे साधे अज्ञानही येते.

पहिली गोष्ट म्हणजे भीतीला खायला घालणे बंद करा. अपघातांचे व्हिडिओ, "शेवटचे क्षण", तज्ज्ञांच्या रात्रीच्या चर्चा. मी निघण्याआधीचे पंधरा दिवस मोबाईलवर हे काहीही पाहिले नाही. पहिले तीन दिवस हात शिवशिवत होते, खोटे कशाला बोलू.

त्याऐवजी विमानातले आवाज समजून घेतले. जावयांच्या एका मित्राला यातले कळते, त्यांनी तासभर बसून सांगितले. उड्डाणानंतर लगेच पायाखाली धडधड होते, ती चाके आत घेतल्याची. त्यानंतर थोड्या वेळाने इंजिनांचा आवाज एकदम कमी होतो आणि विमान खाली बसल्यासारखे वाटते. माझा जीव नेहमी इथेच जायचा. मला वाटे, इंजिन बंद पडले. प्रत्यक्षात उड्डाणाला लागणारा जोर आता नको असतो म्हणून तो कमी केलेला असतो. पंख वरखाली लवतात, कारण ते लवावेत असेच बनवलेले असतात. एक इंजिन बंद पडले तरी दुसऱ्यावर उडता यावे अशी रचना असते. हवा सगळीकडे सारखी नसते, कुठे तापून वर चढते, कुठे ढगांमुळे घुसळते, म्हणून विमान हलते. आपल्याला शेकडो फूट कोसळल्यासारखे वाटते तेव्हाही बहुतेक वेळा ते थोडेच वरखाली झालेले असते. अशा हलण्यात जखमी होतात ते मुख्यतः पट्टा न लावलेले, म्हणून बसल्या जागी पट्टा बांधूनच ठेवावा. आणि उतरता उतरता विमान पुन्हा वर घेणे, ज्या गोष्टीने माझी चौदा वर्षे नेली, ती वैमानिकाने सावधपणे घेतलेली नेहमीची खबरदारी असते. हे कळले तेव्हा मला हसू यायला हवे होते. मला रडू आले.

आकड्यांचेही सांगते. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवरच्या अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक लोक गेले. वडोदरा-अहमदाबाद हा ९३ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग मी शेकडो वेळा डुलक्या काढत पार केला आहे. पण घाबरलेल्या मनाला हिशेब पटत नाही. आकडे दिवसा ऐकायचे असतात. रात्री तीनला त्यांचा उपयोग होत नाही.

रात्री तीनला उपयोग होतो श्वासाचा. घाबरलो की आपण वरवर आणि भराभर श्वास घेतो. त्याने शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते, छाती आवळते, आणि या खुणा पाहून आपण आणखी घाबरतो. अशा वेळी "दीर्घ श्वास घ्या, आणखी घ्या" असे सांगणे चुकीचे ठरते. श्वास घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष द्यावे. नाकाने सहज आत, मनात चार मोजेपर्यंत. बाहेर सावकाश, सहा मोजेपर्यंत. मोजण्याऐवजी बाहेर जाणाऱ्या श्वासावर आपले नाम ठेवले तरी चालते, मी तेच करते. भस्त्रिका, कपालभाती या वेळी नको. आणि हे विमानात पहिल्यांदा करायला जाऊ नका. आधी रोज करा, लिफ्टमध्ये, दाताच्या डॉक्टरकडे, सिग्नलला. तहान लागल्यावर विहीर खणायची आपली सवय साधनेतही असते.

एक गोष्ट ठासून सांगते. भीती इतकी असेल की आठवडेच्या आठवडे झोप लागत नाही, उलट्या होतात, छातीत कळ येते, तर डॉक्टरांकडे जा, गरज असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे. भीतीच्या वस्तूकडे पायरीपायरीने नेणारे उपचार आहेत आणि त्यांचा अनेकांना गुण येतो. "मी साधना करतो, मला औषध कशाला" हेही सोवळे नेसलेले भयच. उलट शेजारणीच्या कपाटातली झोपेची गोळी आपणहून घेणे, हाही उपाय नव्हे.

प्रवासाचा दिवस

पाडव्याला पहाटे अभ्यंग झाले. निघताना माझ्या सासूबाई, वय नव्वद, दारात उभ्या राहून म्हणाल्या, "जपून जा गं. तुकाराम महाराज विमानात बसले ते काही परत आले नाहीत." घर हसून लोटपोट झाले. मीही हसले. त्या क्षणी गाठ थोडी सैल झाली हे मान्य करते, आणि सत्संगात हे सांगितल्यावर कुणी कुणी भुवया उंचावल्या तरी मला त्यात तुकोबांचा अपमान वाटत नाही. ते स्वतःही हसले असते.

विमानतळावर मात्र पाय जड झाले. सुरक्षा तपासणीच्या रांगेत मी माघारी फिरायच्या बेतात होते. नातवाने हात धरला होता. त्याने वर पाहून विचारले, "आजी, तुला भीती वाटतेय?"

चौदा वर्षे या प्रश्नाला मी वेगवेगळी उत्तरे दिली होती. त्या दिवशी म्हटले, "हो. खूप वाटतेय."

तो विचारात पडला. म्हणाला, "मग तू का येतेस?"

"मामाआजोबांना ओवाळायचंय म्हणून."

एवढेच उत्तर माझ्याजवळ होते, आणि ते त्याला पुरले. त्याने पुढे काही विचारले नाही. घाबरणारा माणूसही जाऊ शकतो, ही गोष्ट त्याने बहुधा पहिल्यांदाच पाहिली. माझ्यासारखीनेच.

विमानात मी सेविकेला सांगितले की मला भीती वाटते. लपवायचे नाही असे ठरवले होते. ती दोनदा येऊन विचारून गेली. पंखाजवळची जागा घेतली होती, तिथे हलणे थोडे कमी जाणवते. सकाळपासून चहा टाळला होता. उड्डाणाच्या वेळी पावले जमिनीला घट्ट टेकवून, श्वास सोडताना नाम. चाकांची धडधड झाली. मग तो इंजिनांचा आवाज कमी झाला, आणि सगळे माहीत असूनही माझ्या अंगावर काटा आला. माळ हातात होती, मणी सरकत नव्हता. मी यजमानांचा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथे खूण होती.

प्रार्थना केली. पण या वेळी "विमान सांभाळ" असे म्हटले नाही. ते म्हणायला गेले आणि ती जूनमधली मुले आठवली. मी म्हटले, हे विमान माझ्या हातात नाही, तुझ्यावर सोडले. माझ्या हातात हा श्वास आहे, हा शेजारचा मुलगा आहे, तेवढे माझ्याकडून नीट होऊ दे. अर्जुनही रथात बसलेलाच होता, लगाम त्याच्या हातात नव्हते. (वैमानिक म्हणजे श्रीकृष्ण नव्हे, हे मला कळते. तो प्रशिक्षण घेतलेला माणूस आहे, त्याच्याशेजारी दुसरा तसाच माणूस आहे, आणि त्या दोघांनाही संध्याकाळी घरी जायचे आहे. माझ्यासाठी तेही काही कमी नव्हते.)

भीती गेली का? नाही. साधारण तासाभराने ती थकली, असे म्हणता येईल. लाट चढते, वर जाते, आणि आपण तिच्याशी झगडलो नाही तर उतरते. मध्येच विमान हलले तेव्हा पुन्हा चढली, पुन्हा उतरली. दोन तासांत तीन माळा झाल्या. एक लाखाच्या संकल्पात फारच किरकोळ. पण आजवरच्या जपात त्या तीन माळांइतका खरा जप माझ्याकडून झाला नव्हता असे मला वाटते.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. भावाला गुडघ्यामुळे पाटावर बसता येईना, म्हणून खुर्चीखाली रांगोळी काढली आणि खुर्चीवरच ओवाळले. निरांजनाच्या उजेडात तो बराच म्हातारा दिसला. दर दोन वर्षांनी तो इकडे येत होता, तेव्हा मला हे कसे दिसले नाही? ओवाळणी घालताना म्हणाला, "ताई, दोन तासांच्या वाटेला चौदा वर्षं लावलीस." मी त्याला सगळे सांगितले. वास्तुशांतीचा नेम, मुंजीची रेल्वे, सगळे. तो शेवटपर्यंत मध्ये बोलला नाही. मग म्हणाला, "मला वाटायचं, तू माझ्यावर रागावली आहेस."

आई गेल्यावर घराच्या वाटणीवरून आमचे थोडे वाजले होते. इतकी वर्षे तो माझे न येणे त्या हिशेबात धरत होता आणि तरीही भाऊबीजेला येत होता. मी माझी भीती लपवली ती लाजेने. तिचे दुसऱ्याच्या घरी काय झाले, हे मला त्या दिवशी कळले.

कूर्गला पाऊस होता. मुले कॉफीच्या मळ्यात मनसोक्त चिखलात खेळली. परतीचे विमान ३० ऑक्टोबरचे होते. आदल्या रात्री तीन वाजता मला पुन्हा जाग आली. पोटात तीच गाठ. मी उठले, हातपाय धुतले आणि खिडकीपाशी जपाला बसले. थोड्या वेळाने नातू डोळे चोळत आला.

"आजी, आज पण वाटतेय?"

"आज पण."

तो मांडीवर डोके ठेवून आडवा झाला. थोडा वेळ गेला. मला वाटले, झोपला.

"मग खिडकीची जागा मी घेऊ?"